साडी मी निवडली होती

नकाशावर लातूर शोधायला वडिलांना जरा वेळ लागला. सापडल्यावर तिथं बोट ठेवून ते म्हणाले, "हे तर पार दुसऱ्या टोकाला आलं की गं."

आमचं गाव चंदगड तालुक्यात, बेळगावच्या अंगाला. काजूच्या बागा, भाताची खाचरं आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारी धुणी. बी.एड. होऊन मी घरी बसले होते. एका संस्थेला शहरांतल्या वस्त्यांमध्ये दहावीच्या मुलींना शिकवण्यासाठी वर्षभराचे स्वयंसेवक हवे होते. मला वाटलं पुणं मिळेल, मिळालं लातूर. आई म्हणाली, "तिथं आपलं कोण हाय?" कुणीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच ओढ होती. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, या कल्पनेवर मी खूश होते.

होळी झाली आणि मी निघाले. लातूरच्या स्टँडवरून रिक्षानं वस्तीकडे जाताना दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या होत्या आणि पाट्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचे फोटो. मग पाट्या विरळ झाल्या, डाळमिला लागल्या, आणि हवेत तुरीच्या फोलपटांची धूळ आली. वस्ती त्या मिलांच्या मागं. जळकोट, अहमदपूर, उदगीरकडून कामासाठी आलेली घरं, बहुतेक पत्र्याची. त्यातलीच एक खोली संस्थेनं घेतली होती. एक फळा, चार सतरंज्या आणि दुपारी तीननंतर तापून आवाज करणारा पत्रा. तीच आमची अभ्यासिका.

मला राहायला जागा मिळाली ती सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या एका बाईंच्या घरी, माडीवर. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची, मीही म्हणू लागले. आजोबांच्या पिढीत बुद्धाची दीक्षा घेतलेलं ते घर. बुद्धाची छोटी मूर्ती आणि लेकीची नर्सिंगची पुस्तकं एकाच काचेच्या कपाटात असायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "शिकल्याबगर बाईचं काय खरं न्हाई बगा. माझ्या आईनं दगडं फोडून मला शिकवलं." मला वाटलं, चला, आपलं माणूस भेटलं.

पहिले दोन आठवडे मात्र मी मुकी होऊन राहिले. मुली "कामून" म्हणायच्या ते मला कळायचं नाही, मी "न्हवं" म्हटलं की त्या तोंडाला ओढणी लावून हसायच्या. 'का' या एका शब्दासाठी महाराष्ट्रात इतकी रूपं असतील हे मला बी.एड.मध्ये कुणी शिकवलं नव्हतं. जेवण गोड लागेना. चैत्राचं ऊन सुरू झालं आणि मी तापानं पडले.

तेव्हा अक्का आली.

ती माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. डाळमिलात पाखडायला जायची. पस्तिशीची असेल. गाव जळकोट तालुक्यातलं, तिथं थोडं शेत होतं, ते दीर कसायचा. नवराही मिलातच, पोती उचलायला. मी तापलेली आहे हे लेकीकडून कळल्यावर ती कामावरून तशीच, केसांत डाळीची भुकटी घेऊन माझ्या खोलीत आली. कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगं माय, हे लेकरू तर भाजून राहिलंय." तिनं मला आंबील करून पाजली. ओल्या फडक्यानं पाय पुसले. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आली. मी तिला अक्का म्हणाले ते तापात, आणि मग तेच राहिलं. सुरुवातीला ती मला "तुमी" म्हणायची, पावसाळ्यापर्यंत "तू" झालं. रविवारी मी तिच्या घरी जेवायचे. ती माझ्या डोक्याला तेल चोळत मिलातल्या बायकांच्या नकला करायची. माझ्या आईशी फोनवर बोलायची. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं नाही, तरी अर्धा-अर्धा तास चालायचं.

तिची लेक माझ्या वर्गातली सगळ्यात चलाख. गणित तिला पाण्यासारखं यायचं, इंग्रजीशी वैर. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं. संध्याकाळी ती मिलांच्या मागच्या मोकळ्या जागेत धावायची, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून, आणि धावून झालं की माझ्याकडे येऊन इंग्रजीचा धडा वाचायची, धापा टाकत. "ताई, हे 'नॉलेज'मधी क कामून लिहितेत? बोलत तर न्हाईत." मलाही माहीत नव्हतं. मी म्हणायचे, "लिहितात म्हणून लिही." ती म्हणायची, "हे बरं हाय. आमी विचारलं की मार, ह्यांनी लिवलं की नियम."

त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. एके संध्याकाळी अक्का पाण्याची कळशी कडेवर घेऊन माझ्या दारात आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मागल्या गल्लीतल्या त्या नववीच्या पोरीचं परवा लगीन हाय. तुमाला काय करता येतंय का? माझं नाव मातर कुटं काढू नका." मी मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन केला. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली, पोलीस आले, बापाला समज दिली. मांडव उतरला. मुलीची आई मला शिव्या देत होती आणि मुलगी कोपऱ्यात हळदीच्या अंगानं नुसती बसली होती. अक्कानं त्या दिवशी शिरा केला. मला भरवत म्हणाली, "तुमी नसता तर गेली असती पोर."

संस्थेचे सर, आमचे प्रमुख, नांदेडला असत. त्यांनी पुढच्या प्रत्येक बैठकीत ही गोष्ट सांगितली. मला उभं करायचे, लोक टाळ्या वाजवायचे. वस्तीत काही जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं, कोपऱ्यावरचा दुकानदार मला बघून दुसरीकडे तोंड करू लागला, पण मी म्हटलं, हे होणारच. अक्का आहे, सिस्टर आहेत, बस झालं.

दिवाळीच्या आधी, एका रविवारी अक्का म्हणाली, "नांदेडला येतीस का माझ्यासंगं? बहिणीच्या पोरीचं लगीन हाय तुळशीनंतर. तिचं कापड घ्यायचंय. तुझी नजर चांगली हाय."

मला कोण आनंद झाला. घरापासून इतक्या लांब कुणीतरी लग्नाच्या खरेदीला आपल्याला घरच्यासारखं नेतंय. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा अक्कानं भजी घेतली, दोघींनी एकाच कागदातून खाल्ली. वाटभर ती बोलत होती. नांदेडला तिची बहीण स्टँडवर आली होती, हसऱ्या तोंडाची, जरा गप्पच. नवरी काही सोबत नव्हती. मी विचारलं तर बहीण म्हणाली, "तिला लाज वाटती."

"मग रंग कसा निवडायचा?"

अक्का म्हणाली, "अंगानं रंगानं अगदी माझ्या पोरीगत हाय. आमच्या पोरीला काय शोभल ते बग, तेच तिला शोभल." पिशवीतून तिनं मापाचं म्हणून एक ब्लाउज काढला आणि काउंटरवर ठेवला.

दुकानदार लाल, राणी, हिरवं असं एकामागून एक टाकत होता. मी अक्काच्या लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. गव्हाळ, जरा रापलेला, धावून आल्यावर असतो तसा. आणि वांगी रंगाची एक साडी निवडली, मुगी काठाची. स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात बघितली. बहीण म्हणाली, "लग्नात वांगी रंग?" अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "ती म्हणती ना. तीच घ्या."

लातूरला आल्यावर मी ती साडी तिच्या लेकीलाही दाखवली. तिच्या मांडीवर घडी उलगडली. ती काठावरून बोट फिरवत राहिली.

"तुमी निवडली ताई?"

"हो. तुझ्या मावसबहिणीला शोभेल ना?"

"शोभल," ती म्हणाली.

दिवाळीला मी गावी जाणार होते. पाच-सहा दिवसांत परत यायचा बेत होता. अक्का म्हणाली, "एवढ्या लांब चाललीस तर उगं घाई कामून? तुळशीचं लगीन होऊ दे, मग ये. आईला बरं वाटल." सिस्टरही म्हणाल्या, "हाव, सुट्ट्याच हायेत. आराम करा." निघताना अक्कानं शेंगदाण्याची चटणी, तुरीची डाळ, वाटेत खायला धपाटे असं सगळं बांधून दिलं. तिची लेक माझी बॅग उचलून स्टँडपर्यंत आली. मी म्हटलं, "सुट्टीत इंग्रजीचे तीन धडे." ती म्हणाली, "हाव." गाडी सुटेपर्यंत ती थांबली होती.

गावी मी सगळ्यांना अक्काची चटणी वाढली. आईला म्हटलं, "तिथं मला दुसरी आई मिळालीय." आईनं ते ऐकून घेतलं. नंतर काकूला म्हणाली म्हणे, पोरगी आता परत येत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि मी परतले. अभ्यासिकेत अक्काची लेक नव्हती. मी विचारलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "गावाकडं गेलीय ताई. आज्जी बिमार हाय तिची." अक्काही तेच म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "म्हातारं माणूस, काय सांगावं." आठवडा गेला. मी तिच्यासाठी सराव पेपर बाजूला काढून ठेवत होते. अक्काला म्हटलं, आजी बरी नसेल तर मीच जळकोटला जाऊन तिला पुस्तकं देऊन येते. अक्का म्हणाली, "खामखा तकलीफ नको. येईलच की."

आली. एका रविवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी अक्काकडे गेले. दारात एक अनोळखी मोटारसायकल उभी होती. आत भिंतीला टेकून एक पोरगेलासा माणूस चहा पीत होता, आणि चुलीकडून पाण्याचा तांब्या घेऊन ती आली. वांगी साडी, मुगी काठ. गळ्यात काळे मणी, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मला बघून तिनं तांब्या तिथंच खाली ठेवला आणि ती आतल्या खोलीत पळाली.

अक्का उठून दारात आली. मला आत ये म्हणाली नाही की जा म्हणाली नाही.

"अक्का, हे काय?"

"बस. चहा टाकते."

"लग्न केलंत तिचं?"

"झालं," ती म्हणाली. केलं नाही, झालं.

"ती सोळाची नाही अजून. तूच मला त्या दुसऱ्या पोरीचं सांगायला आली होतीस. तू!"

"ती लोकाची पोर होती," अक्का म्हणाली. "आमी दोघंबी दिवसभर मिलात. पोर एकटी. ती धावायला जाती तितं पोरं मोबाईल घेऊन उभी ऱ्हायची. तुला म्हाईत हाय का? तुला न्हाई म्हाईत. बाप झोपत न्हवता. चांगलं स्थळ आलं, उदगीरकडचं. पोरगा गाडी चालवतो, पीत न्हाई."

"मग मला नांदेडला कशाला नेलंस? साडी तुझी तू घ्यायची होतीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते खरं होतं. "लग्नाला तर तुला बोलवता येत न्हवतं. पोरीचा तुझ्यावर लई जीव. मनलं, साडी तरी ताईच्या पसंतीची असावी."

बाकी सगळं मी कदाचित कधीतरी समजून घेतलं असतं. हे वाक्य मला आजही गिळता येत नाही. मला फसवायचं होतं तर फसवायचं, त्यात माझी माया कशाला वापरायची?

लेकीशी मी दोन मिनिटं बोलले, आतल्या खोलीत, डाळीच्या पोत्यांवर बसून. म्हटलं, "मला एक फोन करायचा होतास. स्टँडवर आली होतीस, तेव्हा तरी."

ती बांगड्या मागे-पुढे करत म्हणाली, "आईनं शपथ घातली होती. आन् तुमी थांबवलं असतं तर काय झालं असतं ताई? त्या मागल्या गल्लीतल्या पोरीचं बी झालं की."

"काय झालं?"

"लगीन. तुमी मोडलं त्याच्यानंतर महिन्याभरात. बिदरकडं, मामाच्या गावी नेऊन. समद्यांला म्हाईत हाय."

समद्यांला. म्हणजे ज्या पोरीसाठी लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, ती तोवर कुणाच्या तरी घरी भाकरी थापत होती. मी अक्काच्या घरातून बाहेर पडले ते चपला हातात घेऊनच.

सिस्टर स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी दारातूनच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "होतं. निमंत्रण होतं मला. मी गेले न्हाई."

"गेला नाहीत, पण मला सांगितलंही नाहीत. तुम्ही, ज्या मला पहिल्या दिवशी..."

"ऐका," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात तुमी ते लगीन थांबवलं, तवा रोज दोघं-चौघं माझ्या दारात येऊन बोलून जायचे. ही बाई तुमीच ठेवलीय, तुमीच पाठवता तिला. माझ्या लेकीचा पिच्छा केला दोनदा. तुमाला सांगितलं न्हाई, तुमाला वाईट वाटल मनून. तुमी होळीला जाताल आपल्या गावाला. मला कुटं जायचंय?"

मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मी वर गेले.

सकाळी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाई करू नका. वस्तीत आपल्याला अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय. झालेलं लग्न काही परत होत नाही."

"सर, पहिल्या मुलीचंही लग्न झालं. तुम्हाला माहीत होतं?"

ते म्हणाले, "अंदाज होता."

"मग प्रत्येक बैठकीत तुम्ही तीच गोष्ट का सांगत होतात?"

"लोकांना धीर येतो अशा गोष्टींनी," ते म्हणाले.

मी तक्रार केली. पुष्कळांनी नंतर विचारलं की लग्न झाल्यावर तक्रारीचा काय उपयोग होता. मला वाटत होतं, निदान ती सासरी जायची थांबेल, परीक्षेला बसेल, कुणीतरी कायद्याचं माणूस त्या घरात जाऊन तिला विचारेल की तुला काय हवंय. तेवढी आशा मला होती. आज तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

चार दिवसांनी एक अधिकारी बाई आणि त्यांच्यासोबत एक कर्मचारी आले. मला सोबत बोलावलं. अक्काच्या दारात गल्ली जमली होती, तरी कुणी गोंगाट करत नव्हतं. सगळं आधीच ठरल्यासारखं.

ती आतून आली ती शाळेच्या गणवेशात. दोन वेण्या, लाल रिबिनी. नववीपासून तिनं रिबिनी लावणं सोडलं होतं. गळा मोकळा, हात मोकळे. मनगटावर बांगड्या घाईनं उतरवल्याचे ओरखडे मला दिसत होते, कारण मला कुठं बघायचं ते माहीत होतं.

अधिकारी बाईंनी विचारलं, "तुझं लग्न झालंय का?"

"न्हाई."

"गावाला कशाला गेली होतीस?"

"आज्जी बिमार होती."

"हातावर मेंदी आहे."

"दिवाळीला काढली मॅडम. समद्या पोरींनी काढली."

बाप म्हणाला, सोयरीक बोलून ठेवलीय, लग्न अठरा झाल्यावरच. शेजारणी म्हणाल्या, आमच्यासमोर तर काही झालं नाही. अधिकारी बाईंनी सिस्टरना विचारलं, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा. सिस्टर म्हणाल्या, "मी ड्युटीवर असते. मला काही कल्पना नाही." हे त्यांनी अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही स्वतः लग्न पाहिलंत?"

"नाही. पण तिला मंगळसूत्रात पाहिलं. लग्नाची साडी होती अंगावर. ती साडी मीच निवडली होती."

"तुम्ही निवडली होती?" त्यांच्यासोबतचा माणूस हसला. गल्लीतलंही कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल शंका आली, ती मला स्पष्ट दिसली. त्यांनी पोरीला विचारलं, "ह्या कोण आहेत तुझ्या?"

आठ महिने ती मला ताई म्हणत आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ओळखीचं काहीही चेहऱ्यावर येऊ न देता बघणं किती अवघड असतं, ते तिनं करून दाखवलं.

"शिकवणीच्या बाई हायेत," ती म्हणाली. "मी कदीकदी जायचे. त्यांच्या मनात असं कामून आलं, मला न्हाई म्हाईत."

बापाला समज देऊन ते निघून गेले. गल्ली पांगली. अक्का दारात उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिले, ती काहीतरी बोलेल म्हणून. ती म्हणाली, "झालं का तुमचं समाधान?" आणि दार लावून घेतलं.

तिच्यावर दबाव होता, ती लेकरू होती, खरं बोलली असती तर आईबाप कोठडीत गेले असते, हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. कळण्यानं फारसा फरक पडत नाही. अपमान झाला की तो आधी पोटात जातो, डोक्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तीन मुली आल्या, पुस्तकं न उघडता बसल्या आणि गेल्या. मी रोज खोली झाडून फळ्यावर तारीख लिहीत होते. डाळमिलाचा भोंगा झाला की कुलूप लावायचे. सिस्टरचा आणि माझा संवाद पाणी आलं, वीज गेली इतपत उरला. एकदा त्यांनी जिन्यात ताटलीत झाकून भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली. मी ती तशीच खाली नेऊन ठेवली. संक्रांतीच्या आधी सरांनी मला नांदेडच्या कार्यालयात बोलावून घेतलं. "वस्तीचा तुमच्यावरचा विश्वास उडालाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझा पण." पण ते दुसऱ्या फोनवर होते, त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. अभ्यासिकेत पुढं दुसरी स्वयंसेविका आली. उरलेले दिवस मी टेबलाशी बसून काढले. अक्काची लेक मार्चात परीक्षेला बसली नाही, हे मला अभ्यासिकेतल्याच एका मुलीच्या फोनवरून कळलं. तिनं ते सांगून लगेच फोन ठेवला.

वर्ष संपल्यावर मी गावी गेले नाही. आईला काय सांगणार होते? नांदेडलाच एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली. आता मला 'कामून' कळतं, कधीकधी माझ्याही तोंडात येतं.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या स्टँडवर मी शाळेच्या सहलीच्या गाडीची चौकशी करायला गेले होते. मागून कुणीतरी माझा दंड धरला. अक्का. जरा वाळली होती, केस पुढून पांढरे झाले होते. ती एकटीच होती, जळकोटच्या गाडीची वाट बघत.

"अगं माय, तू! हितंच हायेस?" आणि तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. काहीच घडलेलं नसल्यासारखी. मी मागं सरकले, पण तिच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं.

तिनं आपणहून सगळं सांगितलं. लेकीला मुलगा झाला. सासू बरी आहे. जावई अजून पीत नाही. पोर आता शेतात जाते, भरतीचं नाव काढत नाही. मी ऐकत होते. मग ती म्हणाली, "राग हाय का गं अजून?"

"आहे."

"आमी काय करायला पाहिजे होतं?"

"मला सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस."

"हो."

"मग?" ती म्हणाली.

तिला खरंच उत्तर हवं होतं. मला ते येत नव्हतं, आणि तरी माझा राग जराही कमी झालेला नव्हता. बाजूला एक माणूस ऊस सोलून खात होता, त्याची सालं आमच्या पायाशी पडत होती.

जळकोटची गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या टाकून जागा धरायला लागले. अक्का गर्दीत घुसली, कोपरानं वाट काढत चढली आणि खिडकीत आली. तिची एक पिशवी खाली राहिली होती. "देतीस का तेवढी?" ती म्हणाली. मी ती उचलून खिडकीतून वर दिली. तिनं घेतली, मांडीवर ठेवली, आणि शेजारच्या बाईला सरकायला सांगू लागली. मी गाडी सुटायच्या आधीच चौकशीच्या खिडकीकडे वळले.